सही तुझीच लागते

मने,

पहिल्या पाळीची बस आज माझ्याकडे आहे, म्हणून तुला न उठवता निघतोय. चहा थर्मासमध्ये आहे, जेवण झाकून ठेवलंय. उपाशी राहू नकोस.

काल तुला न विचारता तुझ्या कॉलेजात गेलो होतो. रागवायचं असेल तर संध्याकाळी रागव. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, अकाउंटिंगच्या पदवीसाठी तुझा ऑडिटचा एकच पेपर आणि एखाद्या ऑफिसातली उमेदवारी तेवढी राहिली आहे. हजेरी कमी भरते, पण आईच्या आजारपणाचा दाखला जोडून अर्ज केलास तर पेपरला बसू देतील.

मी विचारलं, "अर्जावर माझी सही चालेल का?"

त्या म्हणाल्या, "पदवी तुम्हाला हवीय का?"

मी कोरा अर्ज घडी करून खिशात ठेवला.

दाखल्यासाठी मग हॉस्पिटलात गेलो. आई गेल्यापासून त्या वॉर्डात पाय टाकवत नव्हता. सिस्टरने मला लगेच ओळखलं. म्हणाली, "तुमची मुलगी आईच्या उशाशी बसून मोठ्याने अभ्यास करायची ना? ऐकून ऐकून बाईंना ताळेबंद पाठ झाला होता. इंजेक्शन द्यायला गेलं की आम्हालाच शिकवायच्या."

मी ड्यूटीवर असायचो, मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

अर्ज आणि दाखला टेबलावर आहेत. परवा शेवटची तारीख. सही केली नाहीस तरी एका शब्दाने बोलणार नाही. पण संध्याकाळी मला एवढं सांग, आई तो ताळेबंद कसा म्हणायची?

बाबा