रडणं आणि कुरकुर

बुधवार, १४ तारीख
मधली सुट्टी

प्रिय छोटे,

तुला आणि बाळराजांना खूप खूप आशीर्वाद. जावईबापूंना सांग, माझा खोकला गेला. आमच्या वैद्यकीय ग्रंथालयातला पंखा मात्र अजून खोकतोय. बाळाची दोन टोपडी विणून झाली. एक मोठं झालंय, ते बहुधा जावईबापूंना बसेल.

काल तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा टोपड्यांवर बोलून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. कुरियरने पाठवतेय, उद्या मिळेल. शनिवारच्या आत मिळायलाच हवं.

शनिवारी तुम्ही बाळाला तिसऱ्यांदा त्या मणके दाबून उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे नेणार. (जावईबापू म्हणाले होते, "हे नाव नीट म्हणता येईपर्यंत पोरगं शाळेत जाईल.") आतापर्यंत ते पाठीवर हलका दाब देत होते, आता मानेकडे वळणार म्हणालीस. सात आठवड्यांची मान, छोटे.

पहिल्या वेळेआधी तू मला विचारलंस, "ताई, तुझं तर कामच हे. पोटदुखीने रडणाऱ्या बाळांना याचा उपयोग होतो का गं?" मी म्हणाले, "काही अभ्यासांत रडणं कमी झालेलं दिसतं." यात खोटं काही नव्हतं. डॉक्टरांसाठी अशा अभ्यासांचं टिपण लिहिताना मी तिथे थांबले नसते. पुढे लिहिलं असतं, की चाचण्या मोजक्या आणि लहान आहेत. रडण्याची वही आईवडीलच ठेवतात, आणि उपचार झालाय हे बऱ्याचदा त्यांना ठाऊक असतं. ज्या चाचण्यांत ते त्यांना कळू दिलं नव्हतं, तेवढ्याच पाहिल्या तर फरक ठामपणे सांगता येत नाही. अपाय झाला का, हे बहुतेकांनी नीट नोंदवलेलंच नाही. आणि असं रडणं तीन-चार महिन्यांत बहुधा आपोआप थांबतं.

हे सगळं तुला तेव्हा का सांगितलं नाही? कारण आदल्या संध्याकाळी तू बाळ माझ्या हातात कोंबलंस आणि म्हणालीस, "घे याला. आत्ताच्या आत्ता घे, ताई." मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलीस. मी दार वाजवलं नाही. भ्याले.

आता मुद्द्यावर येते. बस झाली पळापळ.

तुझ्याकडे असताना बाळाच्या रडण्याची वही मीच ठेवत होते. आपला नियम होता, रडला तर त्या पाव तासाचा चौकोन लाल, नुसती कुरकुर असेल तर कोरा. पहिला उपचार झाला त्या संध्याकाळी तू तीन तास झोपलीस. उठलीस, केस चेहऱ्यावर, आणि दारातूनच विचारलंस, "किती?"

तो तीन तास रडला होता, छोटे. तू झोपली होतीस तो सगळा वेळ. बैठकीचं दार लावून मी त्याला खांद्यावर घेऊन फिरत होते.

मी म्हणाले, "पाऊण तास. बाकी कुरकुर."

तू हसलीस. "खरं?" म्हणालीस. "ताई, फरक पडला गं!" मग बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून जेवलीस.

दुसऱ्या दिवशी वही उघडली तेव्हा मला खरोखरच वाटायला लागलं, की हे रडणं नाहीच, कुरकुरच आहे. तोंड लाल, मुठी आवळलेल्या, आणि मी आपली चौकोन कोरा सोडतेय. दहा दिवस. दुसऱ्यांच्या अभ्यासांत नेमकी हीच खोट काढायचा मला पगार मिळतो.

तुला बरं वाटावं म्हणून केलं, असं लिहून पाहिलं आणि खोडलं. तेवढंच नव्हतं. तुला पुन्हा तशी नळ सोडून बसलेली बघायची माझ्यात हिंमत नव्हती.

आणि आता ते कायरोप्रॅक्टर वहीची प्रत आपल्या दवाखान्यात लावणार म्हणतात. तू शेजारच्या जुळ्यांच्या आईला सांगून बसलीस, "ताईने मोजलंय, ती याच कामात आहे." हे वाक्य फोनवर ऐकलं आणि मी विषय टोपड्यांवर नेला.

खरे आकडे माझ्या रोजनिशीत आहेत. तिथे मला खोटं लिहिता आलं नाही. ते पान सोबत जोडलंय. उपचाराआधी रोज तीन तास, नंतरही तीन, कधी पावणेतीन, एकदा साडेतीन.

शनिवारी जाऊ नकोस. आधी बाळांच्या डॉक्टरांना दाखव, वजन करून घे, आणि तुला काय होतंय तेही त्यांना सांग. ते सांगताना हवी तर मी शेजारी बसेन. कायरोप्रॅक्टरना आणि जुळ्यांच्या आईला मीच फोन करते; ते तुझ्यावर टाकणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला येते, त्याची रडायची वेळ व्हायच्या आत. तू झोप. उठून "किती?" विचारलंस, तर जितका वेळ रडला तितकाच सांगेन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी जिन्यावर थांबेन.

अजून म्हणत असशील तर तुझी,
ताई