पाच थरांची पिशवी

२१ जानेवारी
आजची पिशव्यांची प्लास्टिक फिल्म सुरेख निघाली. थर पाच, सगळे मिळून जाडी केसाएवढी. फो याओ – मशीनवर आम्हा सर्वांत थोरला – दोन्ही हातांनी ताणत राहिला. फाटेना.
"एकच थर जाड काढला असता तर?"
म्हटलं, फो, मधलं नायलॉन हवा अडवतं, बाहेरचं पॉलिथिन ओल. दोघांचं जमत नाही, म्हणून मध्ये चिकटवणारे थर.
"म्हणजे माझा संसार. मध्ये सासू."

२२ जानेवारी
हरमाटन सुरू. ओठ फुटले. असल्या कोरड्या वाऱ्यात नायलॉनचे दाणे सुकवायचे कशाला? ‘सुकवणी बंद’ अशी चिठ्ठी यंत्रावर डकवली. दर हरमाटनला आम्ही हेच करतो.

१९ फेब्रुवारी
आईला बारा पिशव्या पाठवल्या. आठ गावातल्या बायकांना एकेक, चार तिला. चवळीचं बियाणं भरायचं, तोंड पिळून बांधायचं. आतले किडे हवेवाचून मरतात.
आई फोनवर : "राख नाही, औषध नाही. मग काय लाजून मरतात?"

११ मार्च
दुपारी मक्याचं केंके खाताना फो याओने फिल्मचा तुकडा उजेडात धरला. मोहरीहून बारीक बुडबुडे. वारा महिन्यापूर्वीच पडला, आमच्या टेमा बंदरात समुद्राची ओल भरली – आणि माझी चिठ्ठी तिथेच. दाण्यांनी ओल प्यायली, मशीनच्या उष्णतेने तिची वाफ झाली, मधला थर भोकाभोकांचा. वरून पिशवी देखणी.
जुने नमुने काढले. आईच्या बारांतल्या चार अशाच बुडबुड्यांच्या रोलच्या. कुणाकडे गेल्या, ठाऊक नाही. बियाणं किडलं तर पेरणीला काय?
फो याओ म्हणाला, "गप्प बस, मॅडम. किडे तक्रार करत नाहीत."

१२ मार्च
मॅनेजरना सांगितलं. चिठ्ठी फाडली. बरंच ऐकून घेतलं.
आईला फोन. "कुणाचं काही बिघडलं नाही. तू तुझं काम कर."
तरी शनिवारी गावी जाते.

१५ मार्च
आठ घरं फिरले. आठही पिशव्या चांगल्या, दाणे टणक. एकीने दोन दाणे दाताखाली फोडून दाखवले. हायसं वाटलं. मग एकजण म्हणाली, "तुझ्या आईने गेल्या आठवड्यात स्वतःच्या भरल्या पिशव्या बदलून दिल्या. घरोघर येऊन कान लावत होती. ज्यांत कुरकुर, त्या घेऊन गेली."

१६ मार्च
चारही तिच्या पलंगाखाली सापडल्या. नुसतं पीठ. यंदा पेरणीला सगळ्यांकडे बी आहे, आईकडे नाही.