युदेल्काचं टेंगूळ

प्रिय कोंपाद्रे विल्फ्रिदो,

एका चेंडूची खरी किंमत सांगू? तुझ्या लेकीचे तीन आठवडे आणि माझी कमाई. कालपासून मी एकाही गिऱ्हाइकाची दाढी केलेली नाही.

त्या रविवारी बेसबॉलच्या सामन्यात चेंडू युदेल्काच्या कानशिलावर बसला, टेंगूळ आलं. आपण करतो तेच मी केलं. लोणी लावून गार नाणं अंगठ्याने दाबून धरलं. ते उतरलं आणि मी तिचा पाद्रीनो, धर्मपिता म्हणून गल्लीभर मिरवलो. तीन आठवड्यांनी त्याच जागी बोराएवढी गाठ आली. खुर्चीतले, बाकावरचे सगळे म्हणाले, पू धरलाय. आपल्या बानी गावातली निम्मी गळवं माझ्याच दुकानात फुटलीत. मी वस्तरा उकळून घेतला.

पुढचं तू फोनवर ऐकलंस ते असं: तुझ्या या एलिखिओच्या बोटांना ठोका कळला, त्याने हात आवरला आणि पोरीला इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानापुढे बोट दाबलं, तशी गाठीतली धडधड थांबली. म्हणाल्या, "हे गळू नाही. धमनीला इजा होऊन रक्ताचा फुगा धरलाय. कापला असतात तर रक्ताची चिळकांडी भिंतीवर गेली असती." त्यांनी मलाच खुर्ची दिली.

मग उपाय सांगितले. नुसतं दाबून ठेवलं तर दुखेल आणि बहुधा परत येईल. सुईने औषध घालून आतलं रक्त गोठवता येतं, पण गुठळी सरकायचा धोका राहतो. आतून तार सरकवून धमनी बंद करता येते, पण त्यासाठी राजधानीला जावं लागेल. नाहीतर तेवढीच जागा बधिर करायची, धमनी दोन्हीकडून बांधायची आणि गाठ काढून टाकायची. वण केसांत लपतो. मी तार बरी म्हणणार, तोच युदेल्का म्हणाली, "पाद्रीनो, तुमचा सल्ला मी एकदा घेतलाय. आता गप्प बसा." तिने कापून घ्यायचं ठरवलं. मंगळवारी सकाळी आहे. तू सान हुआनहून सोमवारपर्यंत पोच. ती बोलावणार नाही, पण काल दोनदा विचारलं, पप्पांना रजा मिळते का म्हणून.

फोनवर तू रडलास, मला देवमाणूस म्हणालास. मी गप्प राहिलो, म्हणून हे पत्र. मला ठोका कळला नव्हता. वस्तरा कातडीला टेकला होता आणि आत ठोका पडतोय म्हणत माझं मनगट युदेल्कानेच धरलं.

तुझाच,
एलिखिओ