विहिरीतला स्पंज

९ एप्रिल २०२५
पुन्हा तेच! फेब्रुवारीत आणलेल्या हिरव्या स्पंजात एकही बीजगोळी नाही. सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या गुळगुळीत कंटिका, काचेच्या सुयांसारख्या. दहा जातींत सापडतील अशा. गोड्या पाण्यातल्या स्पंजाची जात ठरते ती बीजगोळीवरच्या कंटिकांवरून. पाणी आटायला लागलं की हा मरतो, पण मरायच्या आधी मोहरीएवढ्या गोळ्या करून ठेवतो. माझे गाईड शेखर सर म्हणाले, "आकांक्षा, गोळी मिळेपर्यंत नवी जात म्हणू नकोस. लोक हसतील."

तीन वर्षांची पीएचडी मोहरीवर अडलीय.

१५ एप्रिल
अमरावतीहून पहाटेची एसटी, बाळापूरहून ऑटो. तलाव अर्धा आटलाय. तलाव होण्याआधी शेतात होती ती विहीर आता तोंड काढून बसलीय. माझा स्पंज तिच्याच भिंतीवर आहे, खाली.

नत्थुजी तिथे शिंगाडे लावतात. माझे सगळे नमुने तेच काढून देतात. हा प्राणी आहे हे अजून त्यांना पटत नाही.
"तोंड नाई, पोट नाई, जागचं हालत नाई. मंग जनावर कसं वं बाई?"
म्हटलं, अंगभर भोकं आहेत, त्यातून पाणी ओढतो, त्यातलंच खातो.
"म्हंजे सारं आंगच तोंड!" — किती हसले!

परवा त्यांनी विहिरीत उतरायचं ठरलं. "दगडं ढिले झाले आहेत पण," म्हणाले. मी म्हटलं, एकदाच.

१७ एप्रिल
नत्थुजी गेले.

१८ एप्रिल
लिहायलाच हवं. दुसऱ्या बुडीनंतर वर आले, पिशवी माझ्या हातात दिली. "भेटलं!" पाहिलं तर पिवळ्या गोळ्याच गोळ्या. मी म्हटलं, अजून थोडा मिळाला तर बरं होईल.

मी म्हटलं.

ते पुन्हा खाली गेले आणि भिंत आत बसली. दोन तासांनी काढलं.

सरांना फोन केला. "आपण नमुने काढायची परवानगी घेतली नव्हती. सांग, मासे धरायला उतरला. तू काठावर होतीस." ठाण्यात तसंच सांगितलं. सही केली.

२९ एप्रिल
तेरवीला गेले. सत्यभामाबाई — त्यांच्या घरच्या — माझा हात सोडेनात.
"मासेवाला ठेकेदार म्हणते, माह्या तलावातले मासे चोरत होता. साऱ्या गावात तेच झालं. जल्मात कोनाचं उचललं नाई त्यानं. तू होती न तिथं? काहून उतरला तो?"
म्हटलं, मला नीट दिसलं नाही.
त्यांनी मला वाढलं. मी जेवले.

६ मे
गोळ्या आम्लात उकळल्या. कंटिका दिसल्या — मधे दांडी, एका टोकाला दातेरी चकती, दुसऱ्या टोकाला नुसती गाठ. कुठल्याच यादीत नाही. नवी जात! सरांनी पेढे वाटले. मी माझा पेढा टेबलावरच ठेवला.

९ मे
नव्या जातीच्या मूळ नमुन्याच्या बाटलीत चिठ्ठी लागते — स्थळ, तारीख, कोणी काढला. सर म्हणाले, "फेब्रुवारीची तारीख टाक. नाव तुझं."
"फेब्रुवारीत गोळ्या नव्हत्या, सर."
"कुणाला माहीत आहे?"
चिठ्ठी कोरीच ठेवून घरी आले.

१२ मे
लिहिली. १७ एप्रिल २०२५. बुडालेली विहीर, तालुका बाळापूर. काढणारा — नत्थुजी बावणे.
सर ओरडले, "ही चिठ्ठी आणि तुझा जबाब कुणी शेजारी ठेवला तर? दोघंही बुडू!"
हो.

१३ मे
ठाण्यात जबाब बदलला. मग सत्यभामाबाईंकडे. सगळं सांगितलं, 'अजून थोडा' सुद्धा. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. उठल्या, पायात चप्पल घातली.
"चाल. चौकात सांग साऱ्याईले."
सांगितलं.