पोटगी कुठवर

माय, काल तुझ्या जावयाला कोर्टात पाहिलं. केस पिकलेत, पण शर्ट अजून तसाच कडक इस्त्रीचा. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. लेकीला मात्र विचारलं, “जेवली का?” ती “हो” म्हणाली आणि दोघं बाकाच्या दोन टोकांना जाऊन बसले. तू गेलीस तेव्हा ही पोर पाळण्यात होती आणि आमचं तुटायचं होतं, म्हणून तुला यातलं काहीच माहीत नाही. सगळं पहिल्यापासून सांगायला माझ्याकडे धीरही उरलेला नाही.

थोडक्यात सांगते. तो राळेगावकडे मास्तर आहे, त्याचा दुसरा संसार आहे. मी आर्णीत डबे करून देते, बँकेतल्या आणि पंचायत समितीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांचे. आम्ही वेगळे झालो तेव्हा कोर्टाने लेकीसाठी त्याच्यावर पोटगी बसवली, आणि खोटं कशाला बोलू, तो ती भरत आला. कधी उशिरा, कधी टोमणा मारून, पण भरली. लेक अठराची झाली तरी थांबवली नाही, कारण ती यवतमाळला बीएस्सीला जात होती. सायन्स त्याचाच हट्ट. दिवाळीनंतर एका सकाळी मी पोळ्या लाटतेय, एसटीची वेळ होत आलीय आणि ही उठत नाही. हाक मारली तर आतून म्हणते, “मी नाही जात आता कॉलेजले.” मला वाटलं, आजच्यापुरतं असेल.

किती बोलले मी तिला! निदान पदवी तरी पदरात पाडून घे, बाप पैसे बंद करेल, घरभाडं कशातून देऊ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मम्मी, मले तिथलं काहीच समजत नाही. पैसे चालू राहावे म्हणून बसू का त्या वर्गात?” पुढच्याच आठवड्यात ती इथल्या एका फोटो स्टुडिओत जायला लागली. लग्नाचे अल्बम कॉम्प्युटरवर कसे लावतात, व्हिडिओ कसा कापतात, ते शिकतेय. स्टुडिओवाला हातावर जे ठेवतो त्यात तिच्या गाडीचं पेट्रोल निघतं, फार तर मोबाइलचा रिचार्ज.

त्याला कळलं आणि पोटगी यायची थांबली. फोन केला तर म्हणाला, “शिक्षण सुटलं न? मग मी कायले देऊ? आता त कमावती झाली ते.” म्हणून पुन्हा कोर्ट. वकील म्हणाले, “मुलगा असता तर अठराव्या वर्षीच विषय संपला असता. मुलीचं लग्न होईपर्यंत मागता येतं, पण तिचं तिला भागत नाही हे दाखवावं लागेल. तेव्हा तो स्टुडिओ सोडलेला बरा.” म्हणजे पोरीने काही शिकायला घेतलं तर आमची बाजू लंगडी, आणि हातावर हात धरून घरी बसली तर भक्कम. हा कुठला न्याय, माय?

काल समझोत्यासाठी बसवलं होतं. तिथल्या मॅडमनी चष्मा सारखा केला आणि मला विचारलं, “मुलीच्या लग्नाचं काही बघताय का?” मी तोंड उघडायच्या आत तो पुढे सरसावला. “मॅडम, लग्नाचा सारा खर्च माझ्याकडे. आजच लिहून देतो. पण हे दर महिन्याचं बंद करा.” मॅडमना ते पटलं. त्या म्हणाल्या, प्रस्ताव चांगला आहे, विचार करा.

लेक म्हणाली, “बाबा, मी लग्नच नाही केलं तर?”

“मग नोकरी कर.”

“करूनच राह्यली न. पण पुरतं काम अजून येत नाही. शिकून राह्यली. अजून वर्षभर लागन.”

“त्याले शिक्षण नाही म्हणत,” तो म्हणाला. त्याचा तो मास्तरी आवाज. मॅडमनी पुढची तारीख दिली.

मला तेव्हा तूच आठवलीस, आणि माया येऊन नाही, संतापाने आठवलीस. मी बारावीला इंग्रजीत नापास झाले होते. तू स्वयंपाकाला होतीस त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उभी आहेस, वरणाच्या मोठ्या गंजात डाव फिरवतेस, चेहरा घामाने निथळतोय. मी दारात उभी राहून म्हणतेय, ऑक्टोबरला पुन्हा बसते. तू मागे वळूनही पाहत नाहीस. “शाळा सुटली न तुही? मंग माह्यं काम झालं. आता तुह्या नवऱ्यानं पाहावं.” त्याच उन्हाळ्यात तू हा मास्तर शोधलास. नोकरीवाला जावई मिळाला म्हणून वसतिगृहातल्या सगळ्यांना पेढे वाटलेस. तू एकटी होतीस, थकली होतीस, हे मला कळतं. कळतं म्हणून राग जात नाही. एक विषय राहिला म्हणून आईचं काम संपतं कसं? आणि तुझं संपलं ते नवऱ्याचं कधी सुरू झालं? मला तर कोणीच पाहिलं नाही.

परतताना एसटीत लेक म्हणाली, “मम्मी, केस मागं घे.”

“काहून? हक्काचं आहे ते तुझं.”

“लग्न होईपर्यंत म्हणते न सारे? वकील, ते मॅडम, बाबा. मले असा हक्क नाही पाहिजे. आन स्टुडिओ त मी सोडतच नाही.”

मी चिडले. हक्क नको म्हणणं सोपं आहे, सिलिंडर मी भरते, असं भर गाडीत बोलून गेले. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं ते आर्णी येईपर्यंत. आज सकाळी माझ्याआधी उठून तिने कणीक मळून ठेवली होती. केस मी मागे घेतलेली नाही. घेईन की नाही, ते माझं मलाच ठाऊक नाही.

हे तुला पाठवायची सोय नाही तेच बरं, कारण पुढचं वाचून तू खूश झाली असतीस. दुपारी ढाणकीच्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला, त्यांच्या नात्यात मुलगा आहे, लेकीचं पाहताय का म्हणून. मी त्यांना नाही म्हणाले नाही. फोन घेऊन मागच्या अंगणात गेले, दार ओढून घेतलं आणि हळूच विचारलं, “घर त्यांचं स्वतःचं आहे का?”