गुडघ्याएवढी टपालपेटी

ख्राइस्टचर्च, १२ जुलै

चि. क्लेम यास मोरागताईचे अनेक आशीर्वाद.

नदीचा बांध आणखी उंच केलात आणि घरोघरची ताटं आणून जेवणावळ घातलीत म्हणे. अभिनंदन! दगड कुठले वापरले? त्याच नदीतले. बहाद्दर आहात. मी कॉलेजात हेच शिकवते, बाबा: जमिनीचे दोन तुकडे एकमेकांवर रेटतात, जुन्या समुद्राचा तळ चुरगळून वर येतो, तो आपला डोंगर. लाखो वर्षं तो चढतोय आणि तुमच्याकडचा पाऊस त्याला खरवडतोय. नाहीतर आज पाचपट उंच असता. तो खरवडलेला चुरा आईच्या दाराशी येऊन बसतो. नदीचा तळ तिच्या छपराच्या उंचीला आला. तुम्ही बांध चढवा, नदी त्यावर चढेल. दोन महिन्यांवर आलेल्या वसंतातल्या पुराआधी आईला माझ्याकडे पाठव.

फार टाकून बोलले का? पुन्हा वाचलं. बोलले. तरी खोडत नाही.

लोभ आहेच; तो बांधासारखा दरसाल वाढवायला नको.
मोराग

गिब्स फ्लॅट, २० जुलै

ती. मोरागताईस सा. न.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, या मास्तरणीला विचार, तुझ्या शहराखालचं मैदान कशाचं गं? आमच्याच डोंगराचा चुरा पलीकडे सांडला, त्यावर घर बांधून आम्हाला अक्कल शिकवतेस! भूकंपात तुझं धुराडं कोसळलं, तेव्हा हललीस का?

आईला नदीकाठचं मासे धरायचं मचाण सोडवत नाही. बाकी ठीक. टपालबाई हल्ली गुडघे टेकून तुझी पत्रं पेटीत टाकते. एवढा मान कॉलेजातही मिळत नसेल.

राग कमी, पत्रं आखूड असावीत.
क्लेम

ख्राइस्टचर्च, २७ जुलै

चि. क्लेम यास आशीर्वाद.

मैदानाचं खरं आहे. पण बाबांनी ती पेटी छातीएवढ्या उंचीवर ठोकली होती. पेटी खचलेली नाही, गाढवा. अंगणात गोटे चढलेत. विनोदात काय लिहून बसलास?

मोराग

गिब्स फ्लॅट, ३ ऑगस्ट

चि. मोरागला आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून क्लेम फावडं घेऊन बाहेर गेला आणि पेटी उकरून पुन्हा छातीएवढी उंच लावून आला. म्हणतो, झालं काम. मी विचारलं, आणि मला कुठे लावतोस?

गुरुवारच्या बसने येते. मचाण त्याला दिलं. मासे नाही मिळाले, तरी निदान पाणी कळेल. माया ठेव, पण डोंगर कसा झाला ते मला सांगत बसू नकोस. जन्मभर स्वयंपाकघरातून तोच झाडत आलेय.

तुझी आई