सातवा नियम

मुंबई, ११ फेब्रुवारी २०१८

ती. संगीतामावशीस,
हर्षदाचा सा. न. वि. वि.

घरी सगळे बरे असतील. मी बरी नाही, संतापाने. चिकूच्या चकत्या वाळवणारं माझं यंत्र तुझ्याच बारा नियमांवर चालतं. दिवाळीत घोलवडच्या कारखान्यात तुझ्याशेजारी बसून ते वहीत उतरवले, तसेच यंत्राला शिकवले. एम.टेक.च्या प्रबंधात 'तज्ज्ञ' म्हणून तुझं नाव लिहिलं होतं. गाईड सरांनी ते खोडलं. सातवी शिकलेल्या कामगार बाईचं नाव शोभत नाही म्हणाले, आणि आपल्या एका डॉक्टरेट घेतलेल्या मित्राचं घातलं. त्या गृहस्थांनी ड्रायर फोटोत तरी पाहिलाय का! वर त्यांनी नियम 'सुधारले'ही आहेत. यादी सोबत आहे. भांडले तर सर सही करणार नाहीत, आणि सहीशिवाय पदवी नाही. काय करू ते कळव.

लोभ आहेच, तो रागातही असू दे.
तुझी हर्षदा

घोलवड, १८ फेब्रुवारी २०१८

चि. हर्षदास अनेक आशीर्वाद.

यादी वाचली आणि डोकं फिरलं. नाव खोडलं ते राहू दे, वीस वर्षं नावाशिवायच चकत्या वाळवल्या. पण माझा सातवा नियम उलटा करणारे हे कोण? हवा दमट असली की ड्रायरची झडप लावायची, असं मी सांगितलं. यांनी उघडायची लिहिलंय! बाहेरची ओल आत घेतली की चकत्या चामड्यासारख्या होतात. इथे नवी आलेली पोरगीही दुसऱ्या दिवशी हे शिकते.

तरी तू गप्प बस. तुझी पदवी माझ्यापायी अडली तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू? आणि जेवत जा वेळेवर. मागच्या खेपेला तुझ्यापेक्षा तुझी बॅग जाड दिसत होती.

आहे तशीच माया ठेव.
संगीतामावशी

मुंबई, १७ जून २०१८

ती. मावशीस सा. न.

शपथ, मी गप्प बसले होते, यंत्रालाही ते 'सुधारलेले' नियमच शिकवले होते. पण काल बाहेरचे परीक्षक आले, हवा दमट होती, आणि त्यांच्यासमोर यंत्राने झडप सताड उघडली. चकत्या चामड्यासारख्या निघाल्या. हा नियम कुणाचा, असं त्यांनी विचारलं. सर माझ्याकडे पाहू लागले, जणू चूक माझी! मग राहवलं नाही. तुझं नाव सांगितलं आणि वही पुढे ठेवली. परीक्षकांनी बजावलंय, नियम सांगणाऱ्या बाईंचं सहीचं पत्र आल्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नाही.

आता सर म्हणतात, मावशीची सही घेऊन ये. मी म्हटलं, खोडलं तुम्ही, तर मागणारं पत्रही तुम्हीच लिहा. तुझं नाव आणि पत्ता त्यांना कागदावर लिहून दिलाय.

रागावू नकोस, रागावलीस तरी लिहीत जा.
तुझी हर्षदा

घोलवड, १ जुलै २०१८

चि. हर्षदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या सरांचं पत्र आलं. पाकिटावर मागे त्यांचं नाव, पुढे कारखान्याचा पत्ता, आणि वर नुसतं 'चिकू वाळवणारी बाई'. पोस्टमन हिरू दारात उभा राहून विचारत होता, कुणाला देऊ? आम्ही बावीस जणी आहोत. तुझी पदवी डोळ्यांपुढे होती, म्हणून माझा हात पुढे झालाही होता. तेवढ्यात आमच्यातल्या बारकीने विचारलं, अशी पत्र पाठवण्याजोगी बाई कोण गं आपल्यात? मला इतकी चीड आली की हात मागे घेतला. हिरूला सांगितलं, पत्ता अपुरा आहे असं लिही आणि परत पाठव. त्याने लिहिलं.

तुझे आणखी दिवस जातील, त्याबद्दल माझ्यावर राग धर. नावानिशी पत्र आलं की त्याच दिवशी सही करते. सरांना तू दिलेला कागद सापडत नसेल तर हे खालचं नाव दाखव.

तुझ्या लोभाची,
संगीता दिपक धोडी